पाणी वाजेपर्यंत

वहिनी, तुझा फ्रीज चालू आहे.

हे सगळ्यात आधी सांगते, कारण तू असतीस तर हेच आधी विचारलं असतंस. दादा जेवला का, पाहुणे गेले का, हे सगळं मग. परवा तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. हॉलमधल्या खुर्च्या एकावर एक रचून झाल्या, देवरूखकडची मंडळी गाडीला लागली, आणि मी घरी न जाता सरळ दवाखान्यात आले. चपला काढायच्या आधी फ्रीजच्या दाराला हात लावून बघितला. गुरगुरत होता. आत बाटल्या तू लावल्या होत्यास तशाच उभ्या, मागच्या भिंतीपासून चार बोटं पुढे. मग मात्र मी स्टुलावर बसले आणि इतके दिवस न आलेलं रडू आलं. तुझा मृतदेह बघून आलं नाही ते बाटल्या बघून आलं. हस आता.

दारावर तुझी चिठ्ठी आहे: 'औषधाशिवाय काही ठेवू नये. ठेवल्यास परत मिळणार नाही.' ही नुसती धमकी नव्हे हे दादाला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. मुंबईहून सुट्टीवर आलेल्या नवऱ्याची कोकम सरबताची बाटली तू नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना देऊन टाकलीस आणि त्यांना वर पेलेही दिलेस. मी एकदा पेशंटने आणलेला आमरस तासाभरापुरता खालच्या कप्प्यात सारला, तर परत येऊन बघते तो भांडं बाहेर स्टुलावर, उन्हात. मी चिडले तेव्हा तू म्हणालीस, दाराची उघडझाप झाली की आतलं हवामान बदलतं, रस काय पुन्हा काढता येईल. आणि मग एक वाक्य बोललीस, ते मी पुढे कितीतरी पेशंटना माझं म्हणून ऐकवलं.

"मासा नासला तर वास मारतो. ह्ये गप्प मरतं."

आपलं काम काय, हे आपल्या वाडीतल्या माणसांना कधी नीट कळलं नाही. सुजाता नाक-कान-घशाची डॉक्टर, एवढं ठीक होतं. पण बीएस्सी झालेली, देवरूखच्या शाळेत विज्ञान शिकवणारी तिची भावजय नोकरी सोडून तिच्या दवाखान्यात बाटल्या कसल्या भरते? तुझा मुलगा शिकायला बाहेर पडला, दादा मुंबईत, म्हणून तू माझ्याकडे राहायला आलीस आणि महिन्याभरात कंटाळलीस. मी एकटी राहणारी बाई, माझ्या घराला एका माणसाचीच सवय. एका चुलीवर दोघी, म्हणजे भांडण ठरलेलंच. ते टाळायला मी तुला दवाखान्यात आणलं आणि भांडण तिकडे नेलं, इतकंच.

पुण्याला जाऊन तू ते काम शिकून आलीस. आठवडाभर पुण्याच्या बायकांच्या नकला करत होतीस. मग एका संध्याकाळी वाडीवर माझ्या आईला समजावून सांगताना मी तुला ऐकलं. माणूस ज्याने शिंकतो, धापा टाकतो, त्याचाच अर्क काढतात. अंथरुणातल्या धुळीतला न दिसणारा किडा, गवताचे पराग, बुरशी, झुरळ, ज्याचं ज्याच्याशी वैर असेल ते. त्याचा इतका थोडा अंश टोचायचा की अंगाला राग येऊ नये, आणि हळूहळू वाढवत न्यायचा. आई म्हणाली, म्हणजे वैऱ्याची ओळख करून देता. तू म्हणालीस, हो, पण तो वैरी बाटलीत जिवंत ऱ्हायला पायजे, मेलेल्या वैऱ्याशी कसली ओळख. तुझं सगळं काम त्या एका गोष्टीसाठी होतं, की बाटलीतला वैरी मरू नये.

त्याला जपायचे तुझे नियम मला वैतागून वैतागून पाठ झाले. दोन ते आठ अंश, खाली नाही, वर नाही. दाट अर्क तग धरतो, पाणी घालून पातळ केलेला लवकर उतरतो, काचेलाच चिकटून बसतो. आणि गंमत अशी की नव्या पेशंटला पातळच लागतो, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याचीच बाटली सगळ्यात नाजूक. झुरळाचा आणि बुरशीचा अर्क परागांच्या बाटलीत घालायचा नाही, कारण त्यातली पाचक द्रव्यं बाकीच्यांना खाऊन टाकतात. काही माणसं चांगली असतात पण वेगळ्या घरात, असं तू म्हणायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी म्हणायचे, बघ, अजून वेळ आहे, जा मुंबईला नवऱ्याकडे.

गेली नाहीस. दादाच निवृत्त होऊन इकडे आला.

आता मंदाबद्दल बोलायला हवं. तिचं नाव आपण कित्येक महिने एकमेकींसमोर घेतलं नाही, आणि घेतलं तेव्हा भांडलो.

नाटे गावची मंदा, नवरा मासेमारीच्या बोटीवर, मुलगी श्रावणी. मुलीला धुळीतल्या किड्याचं वैर इतकं, की चादर झटकली तरी छाती वाजायला लागायची. दर आठवड्याला मंदा तिला घेऊन पहाटेची एसटी धरून यायची, इंजेक्शन, मग अर्धा तास बसून राहणं, मग परतीची गाडी. शाळेचा एक दिवस आणि मंदाचा बाजाराचा एक दिवस असा दर आठवड्याला जायचा. म्हणून तिची बाटली तिकडच्या डॉक्टरकडे द्यायचं आपण ठरवलं. आपण म्हणजे तू विचारलंस आणि मी हो म्हटलं. त्या डॉक्टरांकडचा फ्रीज बिघडलेला, म्हणून बाटली मंदाच्या घरी राहायची आणि ती सुईच्या दिवशी घेऊन जायची. आपण मंदाला सांगितलं, थंड ठेव. तिनं मान डोलावली. थंड ठेवायचं म्हणजे काय हे नाट्याच्या बाईला कुणी शिकवावं?

काही आठवड्यांनी ती मुलीला घेऊन आली, म्हणाली, फरक काहीच नाय, उलट खोकला वाढलाय. बाटली संपत आलेली. तू नवी भरून दिलीस. नव्या बाटलीला मात्रा कमी करायची असते, तशी मी कमी केली. सुई दिली. बाहेरच्या बाकावर श्रावणी पाय हलवत बसली होती, आणि थोड्याच वेळात तिने पाय हलवायचं थांबवलं. तूच आधी बघितलंस. तिचे ओठ सुजत होते, अंगावर गांधी उठत होत्या, आणि छातीतून तो आवाज येत होता. ॲड्रेनालिन मी दिलं, पण माझ्या हातात सिरिंज तू ठेवलीस, मी मागायच्या आधी. पोरगी परत आली. रंग आला, रडायला लागली, आईला शोधायला लागली. मी तिचा हात धरून बसले होते.

मग मंदाला विचारलं, बाटली कशी ठेवली होतीस. तिनं अभिमानाने सांगितलं. गावात लाइट जाऊन येऊन होती, म्हणून तिनं फ्रीजवर भरवसाच ठेवला नाही. नवऱ्याच्या मासळीच्या पेटीत, फोडलेल्या बर्फात, बर्फ टिकावा म्हणून वर मूठभर खडेमीठ. सुरमई ठेवतात तशी. सुईच्या दिवशी बघितलं तर आत दगड झालेला, म्हणून पायरीवर उन्हात ठेवून पातळ करून न्यायची.

वहिनी, तुझा चेहरा मला आठवतो. तू हसलीस. मला तेव्हा त्याचा इतका राग आला की आठवडाभर तुझ्याशी कामापुरतं बोलले. मला वाटलं, पोर मरता मरता वाचली आणि ही हसते. तू मंदावर हसली नव्हतीस. मंदाने तिच्या घरातल्या सगळ्यात मौल्यवान वस्तूसारखी ती बाटली ठेवली होती. तिनं काहीच कमी केलं नव्हतं, उलट जास्तच केलं होतं. गोठली, तापली, पुन्हा गोठली, आणि बाटली मेली. पोरीला इतके आठवडे मेलेलं पाणी टोचत होते, आणि मग माझ्या टेबलावर जिवंत अर्क एकदम अंगात गेला. तू म्हणालीस, आपण तिला थंड ठेव म्हणालो, किती थंड ते सांगितलं नाय, आणि वास मारत नाय म्हणून तिला कळायचं कसं.

मी त्याच दिवशी ठरवलं, या फ्रीजबाहेर एकही बाटली जाणार नाही. आणि मी एकदा ठरवलं की काय होतं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

मंदा त्यानंतर दोनदा आली, मग आली नाही. पहाटेची गाडी, बुडालेला दिवस, आणि वर ती भीती. कुणी तिला दोष दिला नाही, पण तुझी काही चूक नव्हती असंही कुणी सांगितलं नाही. म्हणजे तू सांगितलं असशील. मी नाही.

इथून आपला वाद सुरू झाला, आणि तो संपवायला आता तू नाहीस. दर महिन्याला मुदत संपलेल्या बाटल्या टाकायच्या असायच्या. टाकण्याआधी तू प्रत्येक बाटलीवरचं गाव मोठ्याने वाचायचीस. नाव नाही, गाव. नाटे. पूर्णगड. नाटे. आडिवरे. परत नाटे. मी शेजारच्या खोलीत पेशंटच्या कानात बघत असायचे आणि दाराआडून म्हणायचे, वहिनी, हळू. तू हळू वाचायची नाहीस. त्या बाटल्या सगळ्या उत्तम जपलेल्या असायच्या, दोन ते आठ अंशांत, एकदाही न गोठलेल्या. फक्त त्यांची माणसं मध्येच यायची थांबलेली असायची.

"औषध ऱ्हातंय गो सुजा, माणूस ऱ्हात नाय."

तुझं म्हणणं साधं होतं. महिन्यातून काही शनिवार आपण पेटी घेऊन नाट्याला जाऊ. पंचायतीची खोली मिळेल. सुया तिथे देऊ, अर्धा तास माणसं समोर बसवू, ॲड्रेनालिन माझ्या पिशवीत, संध्याकाळी परत. बाटली कुणाच्या घरी ठेवायची गरजच नाही. माझं म्हणणं त्याहून साधं होतं. नाही. एसटीत दोन तास, ऑक्टोबरचं ऊन, बर्फ वितळला तर अर्क उतरतो, बर्फ टेकला तर गोठतो, आणि उतरलेली बाटली दिसत नाही. मी कायम अर्काचं बोलत राहिले. नियम सांगितले, कंपनीची पत्रकं दाखवली, पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ऐकवलं.

एक गोष्ट मी कधी बोलले नाही, ती आता बोलते. मला भीती वाटत होती. अर्काची नाही, त्या आवाजाची. बाकावरच्या पोरीच्या छातीतून आलेला तो आवाज माझ्या कानातून गेलाच नव्हता. दवाखान्यात निदान माझं सगळं हाताशी होतं, नाट्याच्या खोलीत तो आवाज आला आणि मी कमी पडले तर? हे एक वाक्य तुला सांगितलं असतं, तर तू चहा टाकला असतास आणि दहा मिनिटांत प्रश्न सोडवला असतास. मी डॉक्टर, तू नाहीस, हे आपल्यात कधी बोललं गेलं नाही. पण भीती लपवायची वेळ आली की मी डॉक्टर व्हायचे.

तू वाद घालणं सोडलंस तेव्हा मला वाटलं, जिंकले. मूर्ख मी. तू स्वयंपाकघरात तयारी सुरू केली होतीस. मिरकरवाड्याच्या बंदरातून मासळीची छोटी थर्माकोलची पेटी आणलीस, सात वेळा धुतलीस, तरी तिला वास येतो म्हणून मी कुरकुरले. लहान बाटल्यांत साधं पाणी भरलंस. पेटीत ठेवायला एक थर्मामीटर घेतलंस, आतला सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम आकडा बटण दाबेपर्यंत लक्षात ठेवणारं. आणि आईस पॅक. ते फ्रीझरमधून काढून लगेच भरायचे नाहीत, बाहेर ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, आतला बर्फ थोडा सुटला की मगच बाटल्यांजवळ ठेवायचे, म्हणजे गोठवत नाहीत. हे मलाही माहीत होतं, पुस्तकात होतं. तुझं पुस्तक वेगळं होतं. तू पॅक उचलायचीस, कानाशी धरायचीस आणि हलवायचीस. नारळ विकत घेताना पाणी वाजतं का बघतात, अगदी तसं. वाजलं नाही की परत टेबलावर.

मी म्हटलं, वहिनी, नारळवाल्याकडे शिकलीस काय. तू म्हणालीस, शिकायची गरज काय, नाट्याच्या कुठल्याही बाईला हे जन्मतः येतंय, फक्त तिला सांगितलं पायजे की नारळासारखं बघ, सुरमईसारखं नको.

आणि मग त्या शनिवारी तू गेलीस. मला न विचारता, पाण्याच्या बाटल्या भरलेली पेटी घेऊन, पहाटेच्या एसटीने नाट्याला. दादाने सांगितलं तेव्हा मी त्याच्यावरच ओरडले. दिवसभर दवाखान्यात माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी तू आलीस, घामाघूम, साडीचा काठ धुळीने लाल झालेला. पेटी माझ्या टेबलावर ठेवलीस.

"सुजा, उघडून बघ."

बाहेर पेशंट होते. होते, पण दोनच, आणि दोघेही ओळखीचे, थांबले असते. मला खरं तर ते बघायचं नव्हतं. मला वाटलं, आत पाच अंश दिसणार, तू कमरेवर हात ठेवून उभी राहणार आणि मला नाट्याला जावं लागणार. मी मान वर न करता म्हटलं, उद्या बघू. तू पेटी उचललीस आणि टेबलाखाली सरकवलीस.

उद्या रविवार होता. सकाळी तू घावन करत होतीस. तवा वाजला, मग भांडं पडलं, मग काहीच वाजलं नाही. दवाखान्यात नेलं, मोठ्या दवाखान्यात. डोक्यात रक्तस्राव, तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मला सांगायची गरज नव्हती, मी तुझ्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितला होता. दुपारच्या आत सगळं संपलं. दादा माझ्याकडे बघत होता, जणू मी काहीतरी करू शकते.

कार्यक्रमात बौद्धाचार्य बोलले की सगळं अनित्य आहे, जे उपजतं ते नष्ट होतं. पांढऱ्या साड्यांमध्ये बसून मी मान हलवत होते आणि मनात तुझा आवाज ऐकू येत होता. काकांच्या कार्यक्रमाला हेच ऐकून तू माझ्या कानात म्हणाली होतीस, अनित्य हाय म्हणून काय फ्रीजचं बटण बंद करायचं? मी तेव्हा हसू दाबलं होतं. परवाही दाबलं, पण ते हसू नव्हतं.

मंदा आली होती. मला वाटलं नव्हतं येईल. सोबत श्रावणी, आता उंच झालीय, तुझ्या खांद्याला लागली असती. हॉलच्या पायऱ्या चढताना पोरगी मध्ये थांबली, कठड्याला धरून. मी वर उभी होते तरी मला तिची छाती ऐकू आली. तोच आवाज, हळू, पण तोच. ती आली, तुझ्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, नमस्कार केला आणि धाप लागलेली लपवायला खाली बसून राहिली.

जेवणं झाल्यावर मंदा माझ्याजवळ आली. म्हणाली, त्या शनिवारी वहिनी आमच्याकडं आली होती, सांगितलं काय तुमाला? मी म्हटलं, माहीत आहे. पण मला काहीच माहीत नव्हतं.

मग तिने सगळं सांगितलं. तू पंचायतीच्या खोलीत बायका जमवल्यास. पेटी उघडून आकडा दाखवलास, बरोबर होता, जाताना सगळं बरोबर होतं. मग तू आईस पॅक काढून एकेकीच्या हातात दिलास, कानाशी धरा म्हणालीस, हलवा. आधी बायका लाजल्या, मग एकीला ऐकू आलं आणि सगळ्यांना हवं झालं. म्हाताऱ्या, पोरी, शाळेतली मास्तरीण, सगळ्यांनी ऐकलं. पेटी तोवर उघडीच. तू मंदाला पुढे बोलावून सगळ्यांसमोर सांगितलंस, की हिने बाटली बर्फात ठेवली ती चूक हिची नव्हती, आमी सांगायला चुकलो. मंदा हे सांगताना रडली. म्हणाली, तोवर मना वाटायचं, मीच माझ्या पोरीला मारत होते.

मग निघताना तू पेटीत बघितलंस आणि आकडा वर गेला होता. तू मात्र हसलीस. मंदाने तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"निघताना हरलाव. आता सुजाला सांगते, उपाय तूच काढ. तिला हरल्याचं सांगितलं की ती मदत केल्याशिवाय ऱ्हात नाय."

वहिनी, मी तुझ्या जिंकण्याला घाबरून पेटी उघडली नाही. आणि तू हरल्याचं सांगायला आली होतीस.

त्या रात्री दवाखान्यात फ्रीजला हात लावून, रडून झाल्यावर, मी टेबलाखालून पेटी ओढली. आतलं पाणी केव्हाच खोलीइतकं कोमट झालं होतं आणि आकडा इतक्या दिवसांत आणखी वर गेलेला, त्यामुळे तुझा त्या दिवशीचा आकडा आता मला कधीच कळणार नाही. सगळ्यात थंड आकडा मात्र तसाच होता. तीन. तू एकही बाटली गोठू दिली नव्हतीस. मी ते थर्मामीटर हातात धरून बसले. उपाय शोधायला मला फार वेळ लागला नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलंय. बायकांना ऐकायला एक वेगळा पॅक, वेगळ्या पिशवीत. बाटल्यांची पेटी फक्त सुईच्या वेळी उघडायची. परतीसाठी दोन पॅक जास्त. एवढंच होतं. तुझ्या 'उघडून बघ'ला मी हो म्हटलं असतं तर त्या संध्याकाळी चहा गार व्हायच्या आत झालं असतं, आणि तू ते ऐकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली असतीस, आणि तेव्हा मला राग आला असता, आणि आता मी तेवढ्या रागासाठी काय देईन.

दादाला सांगितलं, शनिवारी नाट्याला जाते. त्याने विचारलं, एकटी? मी म्हटलं, हो. मग तो म्हणाला, पेटी मी धरेन, तिने कुणाला धरायला दिली नसती, पण मी धरेन. तुझा नवरा आयुष्यभर तुझ्या फ्रीजपासून लांब राहिला, आणि आता पेटी धरणार आहे. सरबताचं विसरला नाही म्हणे.

श्रावणीची बाटली मी भरली. सगळ्यात पातळ, अगदी पहिल्यापासून. तू भरायचीस तशी भरायला मला दुप्पट वेळ लागला. झुरळाचा अर्क वेगळ्या रॅकमध्ये आहे, भांडत नाहीये. वरची चिठ्ठी मी लिहिली, अक्षर तुझ्यासारखं नाही. गाव मात्र मोठ्याने वाचलं. नाटे. कुणी हळू म्हणालं नाही.

भीती गेली असं समजू नकोस. ॲड्रेनालिन पिशवीत दोनदा बघितलं, पुन्हा बघेन. मंदाला फोनवर सांगितलं की मला भीती वाटते. ती म्हणाली, बाई, मनापण वाटते, या तुमी. तुला सांगायचं वाक्य तिला सांगितलं, आता इतकंच हातात आहे.

आज शनिवार. अजून उजाडलेलं नाही, दादा रिक्षा बघायला बाहेर गेलाय. आईस पॅक फ्रीझरमधून काढून तुझ्या टेबलावर ठेवलेत, तुझ्या जुन्या टॉवेलावर. घाम फुटायला लागलाय. गाडी सुटेल म्हणून दादा खालून हाक मारतोय, आणि पूर्वीची मी असते तर उचलून भरले असते, चालतं एवढं म्हणून.

एक उचलला. कानाशी धरला, हलवला.

अजून वाजत नाही, वहिनी. थांबते.